रेडिओकाकांची पाचवी ओळ

रेडिओकाकांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते ती आधी उलटी करत. नवा मिक्सर असो, औषधाची डबी असो, लग्नाची पत्रिका असो. माझ्या मुलीची, केतकीची, बारावीची गुणपत्रिका मी लॅमिनेट करून दाखवायला नेली, तर त्यांनी आधी मागची कोरी बाजू नीट पाहिली आणि मगच सुलट करून गुण वाचले. काकू सांगायच्या की मुलगी बघायला आले तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर कप पालथा करून खालचं नाव वाचलं होतं. "मले वाटलं, आता मलेही उलटं करून पाह्यतात का काय," एवढं बोलून त्या पदर तोंडाला लावत.

बोरगाव मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं, दुसरं कोणी ते वापरत नसे. रेडिओ बाजारातून गेले, मग ते टीव्ही दुरुस्त करू लागले, मग मोबाईल. नाव तेवढं रेडिओकाकाच राहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या मुली त्यांच्या 'माय' होत्या, पन्नाशीला आलेली मीसुद्धा. मी मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था बघते. पंखे किती, बादल्या किती, कोणती मुलगी कधी गावाला गेली, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. गल्लीत याचं हसू व्हायचं, पण काकांना माझी वही फार आवडे. तिची पानं चाळत ते म्हणत, "तुह्यं बरं हाये माय. लिवलेलं खोटं बोलत नाई."

दुकानात त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने वस्तू टाकून निघून जायचं नाही, समोरच्या स्टुलावर बसायचं. ते झाकण उघडणार, आतलं दाखवणार आणि मगच काय बिघडलंय ते सांगणार. काढलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देणार. "हा तुमचा माल, घरी न्या." घाईची माणसं वैतागत. एकदा एक साहेब म्हणाले, आवाजावरूनच कळत नाही का काय झालंय ते? काका म्हणाले, "समजते. पण खोलून पाह्यल्याबिगर बोलू नये." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की गल्लीत कोणी चहाड्या करू लागलं तरी दुसरं कोणीतरी विचारायचं, खोलून पाह्यलं काय?

नव्या फोनवर त्यांचा राग होता आणि त्याचं कारण त्यांच्या हातांत होतं. पूर्वीच्या वस्तूंना स्क्रू असत, आता डिंक असतो. उघडायला गेलं की काच तडकते. बॅटरी बदलायची तर अर्धा फोन गरम करावा लागतो. "कंपनीनं स्क्रू काढून घेतला, म्हणजे तुमचा हक्कच काढून घेतला," असं ते म्हणत. स्वतः शेवटपर्यंत बटणांचा फोन वापरत, ज्याचं मागचं झाकण नखाने निघतं. मी दर तीन वर्षांनी नवा फोन घेई आणि दर वेळी तो पालथा करून ते तेच विचारत, "यात जास्तीचं काय हाये?" मला दर वेळी कॅमेऱ्याखेरीज काही सांगता येत नसे.

मग मी दिवाळीच्या सवलतीत पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. रोजची पावलं वहीत लिहायला सुरुवात केली. मला त्याचा अभिमान होता. काकांनी ते एका दुपारपुरतं मागून घेतलं आणि शेजारच्या गुलाबराव शिंप्याच्या मनगटाला बांधलं. गुलाबराव सकाळपासून मशीनवर बसले होते, उठले ते फक्त जेवायला. संध्याकाळी घड्याळात माझ्या दोन दिवसांएवढी पावलं निघाली. "शिंपीबुवा बसल्या जागी सेलूले जाऊन आले," एवढंच म्हणून काकांनी ते मला परत दिलं. ती यादी मी त्याच दिवशी बंद केली.

वर्ध्यातल्या एका हॉलमध्ये कॉइनवाल्यांची सभा झाली तेव्हा गल्लीतले सात-आठजण गेले होते. जेवण फुकट होतं. बुटाला पॉलिश केलेला एक तरुण पडद्यावर आलेख दाखवत होता: हे चलन सरकारचं नाही, बँकेचं नाही, सगळ्या जगाचं आहे. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं कॉइन देऊन सोमवारच्या बाजारात पायलीभर तूर भेटते काय?" तो म्हणाला, काही वर्षांत मिळेल काका. "मंग मी तवाच घेतो," म्हणून काका बसले. हॉल हसला. तरीही गल्लीतल्या तीन घरांनी पैसे भरले, कारण पहिले काही महिने फोनमधला आकडा रोज वाढत होता आणि वाढता आकडा उलटा करून बघावासा कोणाला वाटत नाही.

एक दिवस फोनमधलं ते कॉइनचं ॲप उघडेना. तिन्ही घरची माणसं फोन घेऊन दुकानात आली. मी तिथेच होते, वसतिगृहाची इस्त्री घेऊन. त्यातला एक निवृत्त शिपाई होता. तो म्हणाला, काका, तुम्ही एवढे फोन उघडता, हे तेवढं उघडून द्या. काकांनी खरोखर त्याच्या फोनचं झाकण गरम करून काढलं आणि त्याला दाखवलं. "पाह्य. हे बॅटरी, हे सिम, हा स्पीकर. चाळीस वर्षं मी मशीनीत हात घालून राह्यलो, कोणाचं सोनं अजून सापडलं नाई." हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. झाकण परत चिकटवताना त्यांची मान खाली होती. तो माणूस स्टुलावर बराच वेळ बसून राहिला आणि काकांनी त्याला उठवलं नाही.

वसतिगृहातल्या मुलींना तेव्हा वेगळीच भीती लागली होती. यंत्र आता माणसासारखा विचार करणार, नोकऱ्या जाणार, पुढे माणसालाच ताब्यात घेणार, असं त्या रोज काहीतरी बघायच्या आणि रात्री एकमेकींना सांगायच्या. पंखे दुरुस्त करायला काका आले की मुली त्यांना घेरत. "मशीन माणसाले गिळन, असं भेव मले नाई," ते पंख्याचा छताकडचा कप सोडवत म्हणत. "माणूस मशीनच्या आड लपते, त्याचं भेव हाये. मशीनले तर खोलून पाह्यता येते." मुलींना एवढ्यावर धीर येई. मलाही येई.

तो धीर पुष्पाताईंच्या फोननंतर संपला. पुष्पाताई आमच्या समोरच्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, सहजासहजी घाबरणाऱ्या नव्हेत. त्यांना पुण्यातल्या मुलाच्या आवाजात फोन आला. मुलगा रडत होता, पोलिसांनी धरलंय, वकिलाला पैसे हवेत. त्यांनी निवृत्तीचे पैसे पाठवले आणि मगच मुलाला फोन लावला. तो कार्यालयात डबा खात होता. काकांचा आधी विश्वासच बसला नाही. आईला मुलाचा आवाज ओळखू येऊ नये, हे कसं?

केतकी अभियांत्रिकीला होती. तिने त्यांना करून दाखवलं. काकांचं मिनिटभराचं बोलणं तिने फोनवर रेकॉर्ड केलं, लॅपटॉपवर काही वेळ काम केलं आणि बटण दाबलं. लॅपटॉपमधून काकांचाच आवाज आला: "मी दुकान विकून रा-रा-राह्यलो." 'रा'वर तो जरा अडकला होता. केतकी म्हणाली, अजून असं कुठेकुठे अडकतं, तेवढीच ओळखायची खूण. काकांनी ते तीनदा ऐकलं. नंतर सवयीने लॅपटॉप उचलून उलटा केला, खालचे बारीक स्क्रू बघितले आणि परत ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. ते म्हणाले, "हे खोलता येत नाई, माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, यादी करू. माझी वही आणि त्यांची शंका, दोन्ही मिळून आम्ही चार ओळी केल्या. एक, कोणी अडचणीत आहे असा अनोळखी नंबरवरून फोन आला तर ठेवून द्यायचा. दोन, त्या माणसाचा आपल्या वहीतला नंबर स्वतः लावायचा. तीन, पुन्हा फोन आला तर घरातली खूण विचारायची, जी कुठेही लिहिलेली नाही. चार, खूण सांगता आली नाही तर तो नंबर फोनमध्ये बंद करायचा, म्हणजे पुन्हा वाजणार नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहून प्रती काढल्या, लॅमिनेट केल्या, आणि आम्ही दोघांनी घरोघरी वाटल्या. घरात दोन माणसांना तरी खूण ठाऊक हवी, असा काकांचा आग्रह होता. काकूंना एकट्यात सुचायचं नाही म्हणून त्यांच्या घरची खूण त्यांनी मलाही सांगून ठेवली. काकूंच्या माहेरून लग्नात आलेला रेडिओ कोणत्या रंगाचा? हिरवा.

यादी चालली. पुढच्या महिन्यांत गल्लीत असे चार फोन आले आणि चारही लोकांनी ठेवून दिले. प्रत्येक फोन मी वहीत नोंदवला. काका ती नोंद वाचून मान हलवत. त्यांना नवं रेडिओ-यंत्र जुळवल्याचा आनंद होई.

त्या रविवारी ते जंगलाच्या कडेच्या हिंगणीला गेले होते. तिथल्या विहारातला ॲम्प्लिफायर बंद पडला होता आणि दोन दिवसांवर कार्यक्रम होता. सकाळी स्कूटर काढून गेले, जाताना मला सांगून गेले की दुपारी जेवायला परत येतो. अकरा-साडेअकराच्या सुमारास काकू फोन हातात धरून माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "एक फोन आलता वं. कोणीतरी म्हणे तुमचे बुढे पडले. मी ठेवून देल्ला." मी म्हणाले, बरोबर केलंत. दुसऱ्या ओळीप्रमाणे आम्ही काकांचा नंबर लावला. तो लागत नव्हता. काकू म्हणाल्या, जंगलाकडे त्यायच्या फोनले रेंज नसतेच. ते मलाही माहीत होतं. म्हणून त्याची काळजी वाटली नाही.

तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन पुन्हा वाजला. मी घेतला. पलीकडचा माणूस घाईत होता. "बाई, मी देवराव बोलून राह्यलो, हिंगणीच्या अलीकडून. बकऱ्या चारतो इथं. तुमचे बुढे स्कूटरवरून उतरले अन् खाली बसले, आता उठता येऊन नाई राह्यलं. गाडी घेऊन या लवकर." मी त्याला म्हणाले, त्यांना फोन द्या. थोडा वेळ नुसतं वारं ऐकू आलं. मग आवाज आला. काकांचाच आवाज होता, पण जड, जीभ सुजल्यासारखा. मी विचारलं, काका, रेडिओचा रंग सांगा.

"रा," तो आवाज म्हणाला. "रा... रा... रा..."

मला केतकीचा लॅपटॉप आठवला. माझी खात्री पटली. मी फोन बंद केला, चौथ्या ओळीप्रमाणे तो नंबरही बंद केला, आणि काकूंना म्हणाले, बघा, कसे सापडतात. त्या हसल्या. आम्ही दोघींनी चहा घेतला. मी वहीत लिहिलं: रविवार, ११.४०. बनावट फोन. खूण चुकली. नंबर बंद. त्या नोंदीपुढे मी बरोबरची टिक केली.

दुपारी साडेतीनला हिंगणीजवळच्या सेलूच्या दवाखान्यातून फोन आला. मी तोही ठेवून दिला, दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून लावला, आणि खरं निघालं. देवरावने आधी रुग्णवाहिकेला फोन केला नव्हता. घरचे कोणत्या दवाखान्यात नेतात काय माहीत, म्हणून त्याने काकांच्या खिशातली छोटी वही उघडून 'घर' लिहिलेला पहिला नंबर लावला होता. नंतर त्याने भाजीचा एक टेम्पो अडवला आणि काकांना सेलूला नेलं. काकूंच्या फोनमध्ये बंद केलेल्या नंबरांची यादी असते, ती मी सेलूच्या वाटेवर उघडून पाहिली. त्या नंबरवरून अकरा वेळा फोन येऊन गेला होता. आणि तेव्हाच मला आठवलं की देवरावने पैशाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

तिथून त्यांना वर्ध्याला आणलं. मेंदूचा झटका होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: हे नक्की किती वाजता सुरू झालं? यावर औषध आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मला वही काढावी लागली नाही, वेळ पाठ होती. मी म्हणाले, अकरा चाळीसच्या आधी. डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, मग ती वेळ गेली. एवढं नेमकं कसं सांगता, असं त्यांनी विचारलं. मी लिहून ठेवलं होतं, असं मी सांगितलं.

काका त्यानंतर सात महिने जगले. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जवळजवळ गेलं. दुकान बंद झालं. काकूंनी त्यांच्या पलंगाशी जुने भाग ठेवलेली पत्र्याची डबी ठेवली होती. ते डाव्या हाताने एकेक भाग काढत, पालथा करत, परत ठेवत. देवराव एकदा पिशवीभर बोरं घेऊन भेटायला आला, दारात चपला काढून मला म्हणाला, "बाई, तुमी फोन काऊन कापला? मी खोटं बोलून नोहतो राह्यलो." मी त्याला पूर्ण हकिकत सांगितली. ती त्याला समजली की नाही, मला ठाऊक नाही. त्याने मान हलवली आणि बोरं काकूंच्या हातात दिली.

काकांना मी सगळं सांगितलं ते पावसाळ्यात. काकू बाजारात गेल्या होत्या. मी वही नेली होती, ती नोंद त्यांना वाचून दाखवली, पुढच्या बरोबरच्या टिकसकट. ते ऐकत होते हे डोळ्यांवरून कळत होतं. त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं काही झालं नाही. भिंतीवर खिळ्याला यादी लटकत होती. तिच्याकडे त्यांनी डावा हात केला. मी काढून दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, चारही ओळींवरून बोट फिरवलं आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती. त्यावर बोट आपटत राहिले. मी पेन काढला. मला वाटलं, त्यांना काही लिहायचंय. त्यांनी पेन माझ्याकडेच ढकलला.

"जा," ते म्हणाले. मला वाटलं, घरी जा म्हणतात. मी उठले, तर त्यांनी माझी साडी धरली. खूप वेळ गेला. तोंड वाकडं होत होतं, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. "ऊन." नंतर पुन्हा थांबून, डोळे माझ्यावर रोखून: "पाह्य."

जाऊन पाह्य. हिंगणी स्कूटरने कितीशी लांब? माझी स्कूटर दारात उभी होती. विहारातल्या लोकांचा नंबर दुकानातल्या पाटीवर लिहिलेला होता. फोन खरा की खोटा हे मी घरात बसून ठरवलं. आयुष्यभर ज्या माणसाने झाकण उघडल्याशिवाय तोंड उघडलं नाही, त्याच्याबद्दल.

मी यादीच्या मागे पाचवी ओळ लिहिली. काकांनी ती वाचली, यादी परत सुलट केली आणि खिळ्याकडे बोट दाखवलं. ते फेब्रुवारीत गेले. त्यांना नेलं तेव्हा गुलाबराव शिंप्याने त्यांचा छोटा पेचकस त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला, नेहमीच्या जागी, पेनाच्या मागे. काकू आता फोन घेत नाहीत. वाजला तर त्याच्यापासून लांब जाऊन बसतात. मी त्यांच्याकडे रोज जाते, आम्ही बोलतो, पण त्या रविवारचा चहा आमच्या दोघींमध्ये आहे, तो कधी जाणार नाही.

गल्लीतल्या सगळ्या याद्या मी परत मागवल्या आणि पाचवी ओळ पुढच्याच बाजूला, बाकीच्या चारांइतक्याच मोठ्या अक्षरात लिहून परत दिल्या. शंका असली तरी एकाने जाऊन पाहायचं. लांब असेल तर तिथल्या माणसाला पाठवायचं. लोक म्हणतात, याने फसवणारे आपल्याला उगाच पळवतील. पळवतात. मागच्या महिन्यात पुष्पाताईंना फोन आला की त्यांच्या बहिणीला रोहण्याला शेतात साप चावला, दवाखान्याचे पैसे पाठवा. बहिणीचा फोन लागेना, शेजारी कोणाचा नंबर सापडेना. पुष्पाताई म्हणाल्या, खोटंच असणार. मलाही तसंच वाटत होतं. मी त्यांना मागे बसवलं आणि भर दुपारी स्कूटर काढली.

बहीण ओसरीवर तूर पाखडत बसली होती. फोन चार्जिंगला लावलेला, आवाज बंद. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, एवढ्या उन्हाच्या काऊन आल्या वं? आम्ही पाणी प्यायलो, तिने हट्टाने भाकर वाढली, आणि संध्याकाळी परत निघालो. अर्धा दिवस गेला, पाठ धरली, वसतिगृहाचं एक काम राहिलं.

घरी येऊन वही उघडली आणि लिहिलं: खोटा फोन. जाऊन पाहिलं.